सावरपाड्याचे त्रेचाळीस

बाळकुम, ठाणे
१२ जानेवारी २०२५

ती. महिपतमामा,
सविनय जयभीम.

आई म्हणाली, मामाला फोन करून उपयोग नाही, त्याला ‘हॅलो’च्या पुढचं काही ऐकू येत नाही, आणि मोबाइलवर निरोप पाठवला तर महिनाभराने तो नुसता एक अंगठा पाठवतो. म्हणून कागद घेऊन बसलेय. ठाण्याहून डोंबिवलीला पत्र जायला चार दिवस लागतात असं पोस्टातल्या बाई म्हणाल्या. तेवढ्यात मी चालत येऊन परत गेले असते. पण तुम्ही कागदाचे माणूस. “कागदावर आलं की माणूस जबाबदार होतो,” हे तुमचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ऑफिसात मीही ते लोकांच्या तोंडावर फेकते.

काम सांगते. वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात आम्ही एक मॉडेल बांधतोय. पुठ्ठ्याचं नाही, कॉम्प्युटरमधलं गणित. कल्याण-शीळ रस्त्याच्या दोन्ही अंगांना जी वस्ती झाली, ती का झाली आणि पुढे कुठे होईल, हे त्याने सांगायचं. घर घेताना माणूस कामावर जायला किती वेळ लागेल ते बघतो. घरं वाढली की तिथे बस येते. बस आली की आणखी घरं. मग रस्ता तुंबतो, आणि माणसं आणखी लांब, मोकळ्या जागेत जातात, तिथे पुन्हा तेच. घरं आणि बस, हे दोघं एकमेकांना ओढत असतात. आधी कोण ओढतं आणि दुसरा किती वर्षांनी हलतो, ते आम्हाला शोधायचंय. मागची पंचवीस वर्षं गणिताने बरोबर सांगितली, तरच पुढच्या पंधरांबद्दल बोलायचा आम्हाला हक्क. आणि त्यावरून परिवहनवाले ठरवणार आहेत की नव्या छोट्या बस कुठल्या पाड्यांना द्यायच्या.

घरांचे आकडे घरपट्टीच्या याद्यांतून मिळाले. थांब्यांवर कधी किती माणसं उभी असायची, ते मात्र कुणाकडेच नाही. जुने कागद पाण्यात गेले म्हणे. मग मला तुमच्या कपाटातल्या काळ्या वह्या आठवल्या. लहानपणी मी त्यातल्या एकीवर मांजर काढलेलं आणि तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हतात.

द्याल का मामा?

तुमची,
समीक्षा

◆

डोंबिवली पूर्व
२० जानेवारी २०२५

चि. समीक्षास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र मिळालं. बारा वर्षं झाली निवृत्त होऊन, एवढ्या काळात माझ्या वह्यांची विचारपूस करणारी तू पहिली. तुझी मामी त्या दर दिवाळीला रद्दीत काढते आणि मी दर दिवाळीला परत आत ठेवतो.

वह्या सोळा आहेत. १९९७ ते २०१२. दर फेब्रुवारीत एक आठवडा, सकाळी सात ते दहा, एकतीस थांबे; एकावर मी, बाकीच्यांवर हाताखालची पोरं, रोजची बेरीज आणि वही माझी. सरकारी प्रत खात्यात जायची, ही माझी स्वतःची. तू येऊन घेऊन जा, पोस्टावर माझा विश्वास नाही. पत्रापुरता आहे.

वाचण्याआधी नियम समजून घे. कडेवरचं मूल मोजायचं नाही. सोडायला आलेला मोजायचा नाही. बस गेल्यावर धावत आलेला मोजायचा, कारण तो आला होता, बस थांबली नाही ही आमची चूक. आणि मोजणाऱ्याने स्वतःला कधीच मोजायचं नाही, तो बसमध्ये चढला तरी. आकडा शाईने लिहायचा. पेन्सिल म्हणजे मन डळमळीत असल्याची खूण.

तुझं गणित मला पुरतं कळलं नाही, पण एक कळलं. मी तीस वर्षं थांब्यावर उभा राहून जे बघत होतो, ते तू खुर्चीत बसून उलटसुलट फिरवून बघतेस. शीळफाट्याला रस्ता रुंद केला की सगळे म्हणायचे आता सुटलो, आणि दोन वर्षांत तो पुन्हा भरायचा. का भरतो ते मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं की रस्ता मोकळा दिसला म्हणून पलीकडे चार इमारती उठल्या. हे गणितात बसवणारी माणसं आहेत आणि त्यात आपल्या शेवंतीची पोरगी आहे, याचा मला फार अभिमान वाटला. मांजराचं मी विसरलेलो नाही.

तुझा मामा,
महिपत ओव्हाळ

◆

बाळकुम
२ मार्च २०२५

ती. मामा,
जयभीम.

तुमच्या वह्या आमच्या ऑफिसात देवासारख्या आल्यात म्हटलं तर तुम्हाला आवडणार नाही, पण हातमोजे घालून पानं उलटतात लोक. आमचे रवींद्र सर कुणाचं सहज कौतुक करत नाहीत. त्यांनी एक वही पाच मिनिटं हातात धरली आणि म्हणाले, “या माणसाने सोळा वर्षं एकट्याने जे जुळवून ठेवलंय ते आज करायला आपण चाळीस जण नेमले असते, आणि त्यातले निम्मे चहा प्यायला गेले असते.” मी शेजारी उभी होते. माझे मामा आहेत हे मी मुद्दाम दोन मिनिटांनी सांगितलं.

गणित चालतंय. १९९७ला सुरू करून सोडून दिलं की ते वर्षामागून वर्ष स्वतः घरं वसवत जातं, आणि तुमच्या आकड्यांशी ताडून बघितलं की तीस थांब्यांवर जवळपास जुळतं. पडद्यावर काळोख्या जागी एकेक ठिपका पेटताना बघितलं तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की मी शिकले त्याचा उपयोग झाला.

एकच थांबा अडतो, आणि तो नेमका आपला, मी जिथे वाढले तो सावरपाडा. फेब्रुवारी २०००ला तुमच्या वहीत रोजचे सरासरी त्रेचाळीस. २००१ला सव्वीस. २००२ला अठ्ठेचाळीस, मग चढतच गेलेत. मध्येच सव्वीस का? आणि २०००ला तिथे घरपट्टीत सगळी मिळून एकोणीस घरं दिसतात. एकोणीस घरांतून त्रेचाळीस माणसं सकाळी बसला?

तुम्हाला आठवत असेलच. तुम्हाला सगळं आठवतं.

समीक्षा

◆

डोंबिवली पूर्व
११ मार्च २०२५

चि. समीक्षास आशीर्वाद.

सावरपाड्याला त्या साली वीटभट्टी होती. भट्टीवरचे मजूर असायचे. पुढच्या साली भट्टी हलली.

मामीचे गुडघे दुखतात. ऊन वाढलंय. बाहेर फिरताना डोक्याला रुमाल बांधत जा. रवींद्र सरांना नमस्कार सांग, पण माझ्याबद्दल फार बोलू नकोस.

महिपत

◆

बाळकुम
६ एप्रिल २०२५

ती. मामा,
जयभीम.

तुमच्या चार ओळींनी महिन्याचं काम सुटलं. भट्टी घातल्यावर सावरपाडाही जुळला.

आणि त्यातून आमच्या कामाचं सगळ्यात मोठं उत्तर निघालं. बघा ना, तुमच्या एकतीस थांब्यांपैकी तीस ठिकाणी बस आली तेव्हा वस्ती आधीपासून होती. तिथून काही कळत नाही, कोण आधी आणि कोण मागून. बस आधी जिथे संपायची त्या नाक्याच्या पुढे दीड किलोमीटर, मोकळ्या माळावर नवीन सुरू झालेला थांबा एकच, आपला. सगळं गणित या एका थांब्याकडून शिकतं. आणि तिथे पहिल्याच वर्षी त्रेचाळीस माणसं उभी होती, म्हणजे माणसं आधी, बस मागून. माणसं नसतील तिथे बस नेली तर ती रिकामीच फिरते. हे आता आम्ही आकड्याने सांगू शकतो.

त्यावरून आठ पाड्यांची यादी केली आहे, ज्यांना नव्या बस मिळाव्यात. नववं नाव करवेलीचं होतं, शीळफाट्याच्या अलीकडे आत. पण तिथे सकाळी जेमतेम दहाबारा जण असतात, म्हणून गणिताने ते काढलं. तिथल्या अंगणवाडीच्या बाई ऑफिसात येऊन गेल्या, मला वाईट वाटलं. पण आकड्यापुढे माझ्या वाटण्याला किंमत नाही, हे मी तुमच्याकडूनच शिकलेय.

आता खरी बातमी. १० मेला ठाण्यात अहवालाचा कार्यक्रम आहे. पहिल्या पानावर आमच्या नावांच्या वर, वेगळ्या ओळीत छापणार: ‘थांब्यांवरील मोजणी, १९९७–२०१२: महिपत गंगाराम ओव्हाळ, वाहतूक नियंत्रक (निवृत्त)’. तुम्हाला स्टेजवर बोलावणार आहेत. आईने तुमच्यासाठी शर्टाचं कापड घेऊन ठेवलंय, निळं. माप पाठवा.

तुमची,
समीक्षा

◆

बाळकुम
२९ एप्रिल २०२५

ती. मामा,
जयभीम.

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. मामीला फोन केला तर म्हणाल्या तब्येत ठीक आहे, नुसते गॅलरीत बसतात आणि जेवणात मीठ कमी आहे हेसुद्धा सांगत नाहीत. मी काही चुकीचं लिहिलं का? नाव छापायच्या पद्धतीत काही खटकलं असेल तर सांगा. ‘वाहतूक नियंत्रक’च्या आधी ‘वरिष्ठ’ हवं होतं का? मी रवींद्र सरांशी बोलले, ते घालू म्हणालेत. पान सोबत पाठवतेय, बघा तरी कसं दिसतं.

आणखी एक गंमत. आईला सहज म्हटलं, तुमच्या पाड्याला वीटभट्टी होती ना? तर म्हणते, “भट्टी कुठली गं, गुडघ्याएवढं गवत होतं नुसतं. मी पोटुशी होते, त्या गवतातनं साप निघायचे.” आईला हल्ली काही धड आठवत नाही. मी म्हटलं, मामाच्या वहीत आहे ते खरं. ती भाजी निवडत राहिली.

माप पाठवा. शिंप्याला आठवडा लागतो.

समीक्षा

◆

डोंबिवली पूर्व
३ मे २०२५

चि. समीक्षा,

आईची माफी माग. भट्टी नव्हती. गवतच होतं.

शर्टाचं माप पाठवत नाही. का ते लिहितो. तीन आठवड्यांत हे पत्र सहा वेळा सुरू केलं. तोंडी सांगता आलं असतं, पण तोंडी सांगितलेलं माझं मलाच नीट ऐकू येत नाही.

१९९९मध्ये शेवंती आणि तुझे बाबा डोंबिवलीत भाड्याच्या खोलीत होते. खोली सोडायची वेळ आली. मला खात्यातून कळलेलं की बस नाक्यावरून पुढे सावरपाड्यापर्यंत न्यायचं चाललंय. मी तिला म्हटलं, तिकडे जागा स्वस्त आहे, घेऊन टाक, बस येणार आहे. ती माझ्या शब्दावर गेली. नोव्हेंबरात बस सुरू झाली, तीन महिन्यांच्या बोलीवर. फेब्रुवारीच्या मोजणीत रोजचे सरासरी चाळीस भरले नाहीत तर पुन्हा नाक्यापर्यंतच. आणि मोजायला नेमलं मला.

सात दिवस उभा राहिलो. सरासरी आली चौदा.

त्या चौदांत शेवंती होती, सातव्या महिन्यात. तुझ्या वेळेस तिचं अंगावरून गेलेलं, डॉक्टरांनी चालू नको म्हणून बजावलेलं. कामावर जायचं आणि दवाखान्यात जायचं तर नाक्यापर्यंत दीड किलोमीटर, तो माळ तुडवत. रोज सकाळी ती थांब्यावर माझ्याकडे बघून हसायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं की मी कशासाठी उभा आहे.

आता हे बघ, तिकिटं खोटी करता येत नाहीत. पण तिकीट थांब्याचं नसतं, टप्प्याचं असतं. नाका आणि सावरपाडा एकाच टप्प्यात. टप्प्याची बेरीज जुळली की वर कुणी बघत नाही की त्यातला कोण कुठे चढला. मी नाक्यावरचे एकोणतीस उचलले आणि सावरपाड्याला उभे केले. चाळीस लिहिलं असतं तर डोळ्यात आलं असतं, म्हणून त्रेचाळीस लिहिले. शाईने. बस पक्की झाली.

आणखी तेरा जण होते, त्यांच्यासाठीही केलं, असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. पण मी ते बहिणीसाठी केलं.

पुढचं ऐक. नाक्यावरची माणसं कागदावर कमी झाली म्हणून तिथली सात चाळीसची जादा फेरी काढून घेतली. तिथे भिवा म्हणून एक जण रोज उभा असायचा, कंपनीत वॉचमन. त्याने मला विचारलं, “साहेब, आम्ही रोज तेवढेच असतो इथं. मग कागदावर कमी कसे झालो?” मी म्हटलं, बघतो. आठ महिने तो लोंबकळत गेला. आठ महिन्यांनी फेरी परत मिळाली. त्याच्याशी मी पुन्हा कधी डोळ्याला डोळा भिडवून बोललो नाही. पंचवीस वर्षं मी पोरांना सांगत फिरतो की कागदावर आलं की माणूस जबाबदार होतो. ते मी कुठून शिकलो, हे तुला आता कळलं.

हे मी माझ्याबरोबर घेऊन गेलो असतो, खरं सांगतो. स्टेजवरही चढलो असतो. निळा शर्ट घातला असता. पण तुझं एप्रिलचं पत्र वाचलं आणि झोप उडाली. तू लिहितेस, तुझं गणित या एका थांब्याकडून शिकतं की माणसं आधी आणि बस मागून. बाई, उलट आहे. तिथे कुणी नव्हतं. बस आली म्हणून माणसं आली. दुसऱ्या साली बारा वाढले, तिसऱ्या साली बावीस, मग बिल्डर आला. हे माझ्या डोळ्यांसमोर झालं आणि माझ्याच खोट्या आकड्याने ते झाकलं. एका पाड्याची बस वाचवायला मी जे लिहिलं, त्यावरून तुझं मशिन करवेलीला बस नाकारतंय. तिथे आत्ता दहाबारा जण उभे आहेत. आमचे चौदा होते.

२००० सालच्या वहीचं शेवटचं पान उलटं धरून बघ. खरे आकडे तिथे पेन्सिलीने आहेत, सातही दिवसांचे. खोडले नाहीत मी.

माझं नाव काढून टाक. तुला खाली मान घालायला लावली, याचंच जास्त वाटतं.

महिपत

◆

बाळकुम
२४ मे २०२५

ती. मामा,
जयभीम.

तुमचं पत्र ऑफिसात उघडलं, कारण वाटलं माप आलं असेल. जिन्यात जाऊन वाचलं. आधी राग आला, आणि तो भिवांच्या ओळीला आला. सावरपाड्याचं मी समजू शकते. नाक्यावरच्या एकोणतीस माणसांनी काय केलं होतं? हे लिहिते, कारण तुम्ही माझ्याशी खरं बोललात आणि मीही बोलायला हवं.

मग मला माझाच राग आला. एकोणीस घरं, त्रेचाळीस माणसं, हे मला दिसत होतं. नाक्याचा आकडा त्याच साली एकोणतीसने पडलेला, तो तर मी बघितलाही नाही. आई गवत म्हणाली, मी वही म्हटलं. आईची माफी मागितली. ती म्हणाली, “मला ठाऊक होतं. थांब्यावर रोज चौदा डोकी, मला मोजता येत नाही का? तुझा मामा पाटीवर कागद धरून उभा असायचा आणि रोज त्याचं तोंड उतरलेलं. बस बंद झाली नाही तेव्हाच समजले. त्याने सांगितलं नाही म्हणून मीही विचारलं नाही.” पंचवीस वर्षं, मामा. दोघं भाऊबहीण एकाच गोष्टीवर गप्प बसलात.

रवींद्र सरांना पत्रच वाचायला दिलं. त्यांनी १० मेचा कार्यक्रम पुढे ढकलला आणि म्हणाले, सगळ्या वह्या बाद करा, एक आकडा खोटा म्हणजे बाकीच्यांचं काय. त्यांचंही चूक नाही. मी एकच मागितलं, की पंधरा दिवस द्या, उरलेल्या वह्यांत कुठे असं दिसतं का ते शोधते. प्रत्येक टप्प्याची बेरीज, प्रत्येक वर्ष, शेजारचा थांबा आणि घरं, सगळं तपासलं. करिश्मा, माझ्या खोलीतली मैत्रीण, म्हणाली की मी झोपेत आकडे बोलते. कुठेही नाही. त्या एका साली, दोन थांबे. उरलेल्या पंधरा वर्षांत एकाही आकड्याला मला बोट लावता आलं नाही. सर म्हणाले, “खोटं लिहिणारा माणूस खरे आकडे त्याच वहीत जपून ठेवत नाही. ठेवा वह्या.”

शेवटचं पान उलटं धरलं. तेरा, चौदा, सोळा, बारा, चौदा, पंधरा, चौदा. पेन्सिल फिकी झालीय पण वाचता येते. ते आकडे घातले आणि गणित पुन्हा २०००ला सोडलं.

उलटलं, मामा. सगळं उलटलं. आता ते म्हणतं, मोकळ्या जागी बस गेली की पहिली दोनतीन वर्षं ती जवळपास रिकामी फिरते, तिसऱ्या-चौथ्या वर्षी घरं यायला लागतात, आणि मग ती थांबवता येत नाहीत. आम्ही शोधत होतो तो मधला काळ हाच. इतके दिवस तो सापडत नव्हता, कारण तो जिथे लिहिलेला होता तिथे तुम्ही एकोणतीस माणसं उभी केली होती.

मग मी एक केलं. चौदा माणसं ठेवली आणि नियमाप्रमाणे बस काढून घेतली, तुम्ही खरं लिहिलं असतं तर झालं असतं तसं. २०२५पर्यंत चालू दिलं. सावरपाड्याला आज दोन हजार आठशे घरं आहेत. गणितात आली एकतीस. शाळेची इमारत नाही, आईचा फ्लॅट नाही, मी ज्या बसने शाळेत गेले, कॉलेजला गेले, ती बस नाही. पडद्यावर तिथे काळोखच राहिला. मी कितीतरी वेळ बघत बसले.

तुम्ही बरोबर केलंत असं मी म्हणणार नाही. भिवांना विचारल्याशिवाय ते म्हणायचा मला हक्क नाही. पण त्या चौदा माणसांत एक बाई पोटुशी होती, आणि कडेवरचंही न मोजणाऱ्या तुमच्या नियमात मी कुठेच बसत नव्हते. तरी तुम्ही मला मोजलंत. आणि नंतर मला वाचवायला केलेलं काम, माझं काम वाचवायला तुम्ही स्वतः मोडलंत. दोन्हीपैकी कुठलं मोठं, मला सांगता येत नाही. मला तुमच्याबद्दल जे वाटतं ते एप्रिलपेक्षा जास्त वाटतं, एवढं खरं.

अहवालात एक कलम नवीन घातलंय, मी स्वतः लिहिलं: ‘नव्या वस्तीकडे सुरू केलेली बस पहिली तीन वर्षे थांब्यावरील माणसे मोजून बंद करू नये.’ यादीत आता नऊ पाडे आहेत. आणि पहिल्या पानावरची ओळ अशी: ‘थांब्यांवरील मोजणी व दुरुस्ती: महिपत गंगाराम ओव्हाळ’. दुरुस्ती कसली, ते आत पान चाळीसवर सगळं छापलंय, नाक्याच्या फेरीसकट. तुमची परवानगी असेल तरच. लपवून नाव छापण्यात मला रस नाही, तुम्हालाही नसेल.

माप पाठवा.

तुमची,
समीक्षा

◆

डोंबिवली पूर्व
५ नोव्हेंबर २०२५

चि. समीक्षास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

जुलैच्या कार्यक्रमात तू भेटलीस, पण तिथे माइकचा आवाज आणि माझे कान, काही बोलणं झालं नाही. त्यानंतर दोन कामं केली, ती तुला कळवायची होती.

पहिलं. भिवा सापडला. मुलाकडे असतो, दिवा गावात. पान चाळीस घेऊन गेलो आणि मुलाला वाचून दाखवायला सांगितलं. भिवाने ऐकलं आणि म्हणाला, “मग आम्ही कमी नव्हतो.” मी म्हटलं, नव्हता. तो म्हणाला, “मला वाटायचंच.” चहा आला, तो घेतला. माफ केलं असं तो म्हणाला नाही, मीही विचारलं नाही. निघताना फाटकापर्यंत सोडायला आला.

दुसरं. परवा सोमवारी करवेलीची बस सुरू झाली. मी पहाटेच निघालेलो, निळा शर्ट घालून. थांबा म्हणजे एक खांब आणि भोवती गवत, अगदी आपल्यासारखं. मोजायला एक मुलगी होती, प्रियांका नावाची, हातात टॅब. तिला नियम विचारले. कडेवरचं मूल नाही, सोडायला आलेला नाही, धावत आलेला मोजायचा, सगळं पाठ. मी विचारलं, आकडा कमी आला तर? ती म्हणाली, “कमी तर कमी काका, तीन वर्षं कुणी काढू शकत नाही. रिपोर्टमध्ये लिहिलंय. मी कशाला टेन्शन घेऊ?”

समीक्षा, मी आयुष्यात बरीच मोठी माणसं बघितली. बंगले बांधणारी बघितली, पूल बांधणारी बघितली. पण खरं लिहिणाऱ्याला भीती वाटू नये अशी एक ओळ बांधणारी तुझ्याखेरीज मला कुणी भेटलं नाही. ती ओळ २०००मध्ये असती तर मी चौदा लिहून शांत झोपलो असतो, भिवा सात चाळीसला बसून गेला असता, आणि तूही जन्माला आलीच असतीस.

बस आली. मीही चढलो, शीळफाट्यापर्यंत. प्रियांकाने टॅब दाखवला, दहा लिहिले होते. मी म्हटलं, पोरी, मी मोजायलाच आलोय, मला धरू नकोस. तिने एक खोडला.

नऊ. माझ्या नव्या वहीत शाईने लिहिलेत.

तुझा मामा,
महिपत